अकराच्या अकरा

१

कळमनुरीच्या बसस्टँडामागं शिवशंकरचा फोटो स्टुडिओ होता. पुढं काउंटर, मधी पडदा लावून फोटो काढायची जागा, आणि सगळ्यात मागं एक बिनखिडकीची खोली. त्या खोलीत सर्व्हर. दिसायला साधाच कॉम्प्युटर, फक्त डबा मोठा. पण दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर जे काही दिसायचं ते ह्याच्याच पोटातून यायचं. चार वर्षांतली सगळी लग्नं, बारशी, साखरपुडे त्याच्यात भरलेले. हळद लागलेल्या नवऱ्या, रुसलेले जावई, उभ्या जन्मात एकदाच हसलेली म्हातारी माणसं. सर्व्हरला उकाडा सोसत नाही म्हणून कूलर तिथंच. आणि लेकराला उकाडा सोसत नाही म्हणून दगडीची झोळीही तिथंच.

दगडी म्हणजे कोमलची चार महिन्यांची लेक. हे नाव कोमलच्या सासूनं, मंजुळाबाईनं ठेवलेलं. आधीची रेणू पाचव्या महिन्यात तापानं गेली. गोड नाव ठेवलं, बाराव्या दिवशी कान टोचून सोन्याची तार घातली, म्हणून नजर लागली, असं मंजुळाबाईचं म्हणणं. "आता दगड म्हणायचं. दगडाला कोण उचलून नेतंय?" म्हणून दगडीचे कानसुद्धा तिनं टोचू दिले नव्हते.

कोमल रोज अकराला डबा घेऊन यायची. शिवशंकर जेवून काउंटरवर टेकला की ती मागच्या खोलीत जायची. लेकराला पाजून झोळीत टाकायचं, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, आणि हात माउसवर. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण माउस तिचा तिनंच शिकून घेतला होता. आधी २००५ सालाचं फोल्डर उघडायचं. त्यात 'धर्मसिंग लग्न'. हे धर्मसिंग आणि चंदा लग्नानंतर तांडा सोडून पुण्याकडं गेले ते परत आलेच नाहीत, त्यांचे फोटो मागायला कुणी येणार नव्हतं. त्याच्या आत 'जुने'. आणि त्याच्या आत रेणू.

अकरा फोटो. एक ते अकरा रोज मोजायचे.

कागदावरचे फोटो उरलेच नव्हते. रेणूचं झबलं, खुळखुळा आणि फोटो मंजुळाबाईनं कयाधू नदीत सोडून दिले होते. शिवशंकर म्हणाला होता, "आता मागं बघायचं न्हाई, कोमल." ती बरं म्हणाली होती. ह्या अकरांचं तिनं त्याला कधी सांगितलं नाही.

सर्व्हरचा एक आवाज होता. टिक, टिक, टिक. दगडी त्याच आवाजावर झोपायची. एप्रिलातल्या एका दुपारी तो आवाज बदलला. टिक, टिक, आणि मग जात्यात खडा यावा तसं करकरलं. कोमलनं सातवा फोटो उघडला तर रेणू हनुवटीपर्यंतच आली. त्याच्या खाली नुसती राखाडी पट्टी.

दुसऱ्या दिवशी तो फोटो धड उघडला. पण कोमलच्या जिवाला लागलेली चुटपूट काही गेली नाही. खरं कारण सांगता येईना. ती एवढंच म्हणाली, "अवो, सर्व्हर कुरकुर करून राहिला. कुणाला तरी दाखवा."

२

रत्नपाल हिंगोलीहून मोटारसायकलवर आला. शिवशंकरचा शाळेतला सोबती. जिल्हाभर कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचा. त्यानं सर्व्हरचा डबा उघडला आणि गाभण म्हशीच्या पोटाला लावावा तसा कान लावला.

"शिवा, डिस्क म्हातारी झाली. आज जाते का दिवाळीला, सांगता येत न्हाई."

"काय बोलतूस? माझी चार सालं हायेत तिच्यात."

"तुझी कुठली? चार सालातल्या दुसऱ्यांच्या बायका हायेत." मग त्याचं लक्ष झोळीकडं गेलं. "माफ करा हं वैनी, तुमी हायेत ध्यानात न्हाई राहिलं."

"राहू द्या भाऊ, रोजचंच हाये," कोमल म्हणाली. "वाचंल का ते सांगा."

"वाचंल की. मिरर लावू. म्हंजी ह्या डिस्कला जोडीची दुसरी डिस्क. चालू सर्व्हर हाये, म्हणून आतलं काही हलवायचं न्हाई. हाये तसं ठेवून बाजूला दुसरी लावायची. जुनीतलं सगळं नवीवर उतरतं. मग पुढं एकीवर लिवलं की दुसरीवर आपोआप. एक मेली तर दुसरी तिच्या जागी उभी. गिऱ्हाइकाला पत्ता लागत न्हाई, आधीची गेली म्हणून."

अंगठ्यातली दोरी थांबली. कोमल म्हणाली, "मिरर म्हंजी आरसा ना?"

"नावाला, वैनी. आरशात काही राहत न्हाई. हिच्यात राहतं."

"आन नवीत आधीच काही असलं तर?"

"नवीत काय असणार? नांदेडहून कोरी आणली, ही काय पिशवीत."

"पर असलं तर?"

रत्नपाल हसला. "असलं तर पुसलं जातं. जुनीतलं वर चढतं, खालचं काही उरत न्हाई. काहून इतकं घाबरता? आपल्याला जुनं वाचवायचं हाये ना?"

व्हय, असंच होतं. कोमलनं मान हलवली.

दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. शेजारी ठेवल्या तर ओळखू येईनात. "खूण करा बाबा कुणीतरी," रत्नपाल म्हणाला, "न्हाई तर कोरीची नक्कल भरलेल्यावर जायची आन शिवा मला गावभर शोधायचा." शिवशंकरचा मार्कर वाळून गेलेला. कोमलनं कमरेच्या पिशवीतून दगडीची काजळाची डबी काढली आणि बोटानं जुन्या डिस्कवर ठिपका लावला.

"लई झकास," रत्नपाल म्हणाला. "आता तिला नजर बी लागायची न्हाई."

संध्याकाळी भाकरी थापता थापता कोमलचा हात पिठातच थांबला. हीच डबी. रेणूला न्यायला माणसं दारात उभी होती तेव्हा मंजुळाबाईनं ह्याच डबीत बोट घातलं होतं आणि लेकराच्या डाव्या टाचेखाली ठिपका लावला होता. "परत आली तर वळखू येईल." दगडी जन्मली तेव्हाही मंजुळाबाईनं तोंड बघायच्या आधी टाच उलटी करून बघितली होती. टाच स्वच्छ होती. त्या दिवशी म्हातारीनं पेढ्याला हात लावला नाही.

तव्यावरची भाकरी करपली.

३

भारनियमनाचे दिवस. लाईट दहाला यायची, चारला जायची. त्या सहा तासांत जोड पुरी व्हायला पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी शिवशंकर सकाळीच हट्टा गावच्या एका लग्नाला कॅमेरा घेऊन गेला. रत्नपालनं सव्वादहाला सगळं जोडलं आणि पडद्यावर एक आकडा धावायला लागला. शून्य टक्के. मग एक.

"वैनी, मला कनेरगाव नाक्याला एका ढाब्यावर जायचंय, त्यांची बिलाची मशीन बसली. तुमी फक्त टक्के बघत बसा. शंभर झाले का फोन लावा. डबा उघडाच ठेवतो, न्हाई तर तापतील. आन हात लावू नका."

"लागलाच तर?"

"नवीची वायरची पट्टी निघाली तर तकलीफ न्हाई, जुनी शाबूत राहते. जुनीची मधीच निघाली तर मात्र संपलं. दोन्ही गेल्या." तो हेल्मेट शोधत होता. "आवाज ऐका हवं तर. आधी जुनी वाचते, मग नवी लिवते. टिक, टिक. दोघी जावांनी उखळात मुसळ मारावं तसं. थोरली आधी, धाकली मागून."

त्याची गाडी स्टँडकडं वळेपर्यंत कोमल दारात उभी राहिली. मग शटर अर्धं ओढून मागं आली.

खोलीत कूलरचा वास होता, ओल्या गवताचा. उघड्या डब्यात दोन डिस्क एकीखाली एक. वरचीवर काजळाचा ठिपका. दोघींना चपट्या राखाडी पट्ट्या लावलेल्या. टिक, टिक. थोरली, धाकली. थोरली, धाकली. कोमलनं दगडीला घेतलं. दगडी नेहमीसारखी उजव्या बाजूला तोंड मारून प्यायला लागली. रेणू कधी उजव्या बाजूला प्यालीच नाही. कितीही करा, मान फिरवायची आणि डावीकडं शोधायची. कोमलला दोघींमधला हा एक फरक फार जपून ठेवावा वाटायचा. चेहऱ्यानं दोघी इतक्या सारख्या होत्या की कधी कधी तिचीच गल्लत व्हायची.

बारा टक्के झाले. तिनं लेकराला झोळीत टाकलं, दोरी अंगठ्यात अडकवली.

४

अडतीस टक्क्यांवर तिला वाटलं, आवाज चुकून राहिला.

ती उठली, कान जवळ नेला. टिक, टिक. खालची आधी वाजत होती. वरची मागून. धाकलीनं मुसळ उचललं की मग थोरली मारत होती.

असं कसं होईल? कूलरच्या घरघरीत कानाला भास होतो. तिनं कूलर बंद केला. खोलीत एकदम सामसूम झाली आणि दोन्ही आवाज आणखी मोठे आले. खालची. वरची. मग वाटलं, आपण मधूनच ऐकायला लागलो तर पहिली कुठली आणि दुसरी कुठली हे कुणी ठरवायचं? गाडीच्या चाकाला सुरुवात असते का? तिनं कूलर परत लावला आणि स्वतःवरच चिडली.

पण बसवेना. ती काउंटरपर्यंत गेली. रस्त्यावर ऊन फुफाट्यासारखं पडलेलं. परत आली. मग मनाची समजूत काढायला २००५ उघडलं, धर्मसिंग लग्न, जुने.

बारा.

तिनं बोट लावून मोजलं. बाराच.

बारावा उघडला. ह्याच झोळीत, ह्याच जांभळ्या लुगड्याच्या झोळीत, लेकरू उठून बसलेलं. मागं कूलर. कूलर तर ह्याच उन्हाळ्यात घेतला होता. मग ही दगडीच. शिवशंकरनं काढला असेल आणि चुकून इथं पडला असेल. कोमलला हायसं वाटलं. मग तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या. दगडी अजून बसत नव्हती.

आणि फोटोतल्या लेकराच्या कानात सोन्याची तार होती.

तिनं मागं वळून झोळीत बघितलं. दगडी उताणी झोपलेली. कान कोरे. कोमलनं कानाच्या पाळीला बोट लावून बघितलं. गार, मऊ, कोरी.

५

काउंटरवरच्या फोनवरून तिनं रत्नपालला गाठलं. मागून ढाब्यावरच्या ताटांचा आवाज येत होता.

"भाऊ, नवीत जास्तीचं काही येऊ शकतं का? जुनीत न्हाई ते?"

"न्हाई हो वैनी. जे जुनीत हाये तेच नवीत जातं. कुठून येईल जास्तीचं?"

"पर मला दिसून राहिलं ना."

"शिवानं टाकलं असंल काल. त्याला कुठं ध्यान असतं?" तो कुणाला तरी हिंदीत थांब म्हणाला. "किती टक्के झाले?"

"त्रेपन्न."

"बराबर चाललंय. तुमी चहा घ्या. शिवा म्हणला मला, वैनी लेकराला शिंक आली तरी रात्रभर बसतात."

खरं होतं ते. लेकरू शिंकलं तरी तिला ताप दिसायचा. मग आज जे दिसतंय तेही तसलंच असेल. फोन ठेवला तेव्हा तिला जरा लाज वाटली.

तेवढ्यात मंजुळाबाई ताकाची किटली घेऊन शटरखालून वाकून आत आली. "शिव्या कुठं हाय? हट्ट्याला? मंग हे ताक कुणाच्या मढ्यावर घालू? तूच पी. दूध येत न्हाई म्हणून रडतीस आन पेज पीत न्हाईस." बोलत बोलत ती मागच्या खोलीत गेली. कोमल भांडं शोधत होती. आतून बोलणं एकदम बंद झालं.

"आत्याबाई?"

मंजुळाबाई झोळीपाशी उकिडवी बसली होती. दगडीचा डावा पाय तिच्या ओंजळीत होता. ती रडत होती, पण तोंड हसत होतं. एवढं हसताना कोमलनं तिला लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

"आली गं बाई," ती म्हणाली. "वळखलं मी. आली माझी."

टाचेखाली काळसर ठिपका होता. मसुराएवढा.

"काजळ लागलंय आत्याबाई. सकाळी मी हिच्या डोळ्यांत घातलं तवा बोट लागलं असंल." कोमलनं पदराला थुंकी लावली आणि पुसलं. परत पुसलं. टाच लाल झाली. पदराला काही लागलं नाही.

"काहून घासून राहिलीस? तिला दुखत असंल ना."

लेकरू रडलं नाही. झोळीतून दोघींकडं बघत होतं.

"आत्याबाई," कोमल म्हणाली, "रेणू आली म्हणता. मग दगडी कुठं गेली?"

म्हातारीला प्रश्न कळलाच नाही. "कोण दगडी? ते काय नाव होतं व्हय?" तिनं लेकराच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. "मी साखर आणते. सगळ्या आळीत वाटते. नीट सांभाळ गं."

ती शटरखालून वाकून गेली. तिच्या वहाणांचा आवाज स्टँडच्या गलक्यात मिसळला. किटली काउंटरवरच राहिली.

६

पडद्यावर एकाहत्तर.

जुनीतलं वर चढतं, खालचं काही उरत न्हाई. कोमलच्या डोक्यात तेच फिरत होतं, वाकड्या चाकाच्या सायकलसारखं, दर फेऱ्याला एक हिसका. तिनं लेकराला उचलून बाहेर न्यावं म्हणून हात पुढं केले आणि मागं घेतले. आपल्याच लेकराला उचलायची तिला भीती वाटली. आणि त्या भीतीची जास्त भीती वाटली.

तिनं झोळीकडं पाठ केली. दोरी अंगठ्यात अडकवली. फोटो मोजले. सोळा.

तेराव्यात लेकरू झोळीची कड धरून उभं. कानात तार. चौदाव्यात फक्त झोळी, रिकामी. पंधराव्यात भिंत, स्विचबोर्ड, त्याच्यावरचं गेल्या साली फुटलेलं बटण. कुणीतरी कॅमेरा नीट धरायला शिकत असावं तसे हे फोटो. एक वाकडा, एक खालून.

ब्याऐंशी. सोळावा उघडायला तिला धीर झाला नाही. मग तिनं तो उघडला.

एक बाई पाठमोरी बसलेली. पोपटी लुगडं. अंबाड्यात मोगऱ्याची वाळलेली एक वेणी. बाई कॉम्प्युटरपुढं बसलेली, हात माउसवर. पायाच्या अंगठ्यातून एक दोरी निघून फोटोच्या खालच्या कडेपर्यंत आलेली. जिथून फोटो काढला तिथपर्यंत.

पोपटी लुगड्याची घडी कोमलनं त्याच दिवशी सकाळी मोडली होती.

ती वळली नाही. तिच्या अंगठ्यातली दोरी मात्र हलत होती. तिनं पाय दाबून धरला. तरी दोरी हलत होती, सावकाश, पलीकडून कुणी झोका देत असल्यासारखी.

७

चौऱ्याण्णव. पंच्याण्णव.

तिला दुसरं काही सुचलं नाही. जुनी काढायची. जुनी मधीच निघाली तर संपलं, दोन्ही गेल्या, असं रत्नपालच म्हणाला होता. जाऊ देत. चार सालांची लग्नं जाऊ देत. शिवशंकर बोलेल, मारणार तर नाही. आणि रेणूही जाऊ दे.

हे मनात आलं आणि तिच्या छातीत दूध दाटून आलं. दोन्हीकडं. रेणूचं अकराव्या फोटोतलं हसू, ते बोळकं, ती तार. त्या अकरा फोटोंसाठी तिनं रत्नपालला बोलावलं होतं. आता तिनंच हात घालायचा.

"रेणू, बाई," ती पुटपुटली, "माय मेली तुझी. तू जा. हिला राहू दे."

मागं झोळी थांबली.

कोमल गुडघ्यावर बसली आणि उघड्या डब्यात बघितलं. वरच्या डिस्कवर काजळाचा ठिपका होता. खालच्या डिस्कवरही होता. तिथंच, तेवढाच.

वरचीच जुनी. सकाळी तिनंच बघितलं होतं, वरची जुनी. की डोकं वाकडं करून बघितलं होतं? की रत्नपालनं बसवताना आधी खालची बसवली होती? काजळ तिच्याच बोटाला होतं, दिवसभर होतं, कशा-कशाला लागलं असेल. तिनं डोळे मिटले. खुणेवर भरवसा नाही तर कानावर. आधी जुनी वाचते, मग नवी लिवते. थोरली आधी.

तिनं एकेका डिस्कवर एकेक बोट ठेवलं. दोन्ही ऊन होत्या, तापलेल्या लेकराच्या कपाळासारख्या. टिक, टिक. आधी कुठल्या बोटाखाली? सत्त्याण्णव झाले असतील. टिक, टिक. खालच्या. खालची आधी. नक्की खालची.

तिनं खालची पट्टी धरली आणि ओढली.

एक टिक ऐकू आली. दुसरी आली नाही.

मग झोळीतून लेकरू रडलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा. कोमलनं झेप घालून त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि दोघीही रडत पुढच्या काउंटरपाशी येऊन फरशीवर बसल्या. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. कुणी तरी हसलं. सगळं नेहमीसारखं होतं. तिनं लेकराच्या कानाकडं बघितलं नाही. पदर ओढून घेतला, नुसता डोक्यावर हात ठेवून बसली.

८

साडेतीनला रत्नपाल आला. तिचं तोंड बघून आधी मागं धावला. बराच वेळ माउसचा आवाज येत राहिला. कोमल भिंतीला टेकून ऐकत होती.

"वैनी!" तो आतूनच ओरडला. "देवासारखं झालं. पट्टी निघालेली दिसती, पर नवीची निघाली. जुनी शाबूत हाये."

"खालची नवी होती?"

"व्हय की. हे बघा, वरचीवर ठिपका हाये तुमचा. खालची कोरी. मी म्हणलो नव्हतो का, नवी निघाली तर तकलीफ न्हाई? काही गेलं न्हाई. सगळी लग्नं हायेत, एकूण एक."

काही गेलं न्हाई. कोमलनं ते मनात म्हणून बघितलं. तिला आठवलं, अडतीस टक्क्यांवर तिनंच ऐकलं होतं, धाकली आधी वाजत होती. ऐकून विसरली होती. घाईत रत्नपालचं बोलणं तेवढं आठवलं, स्वतःच्या कानानं ऐकलेलं नाही.

"वैनी, एक विचारू?" रत्नपालचा आवाज हसरा झाला. "धर्मसिंगच्या लग्नात हे काय ठेवलंय? मी तपासून राहिलो तर सापडलं. अकरा फोटो हायेत."

"किती?"

"अकरा. अकराच्या अकरा धड उघडतात. पर दगडीचे फोटो इतके लपवून काहून ठेवले? नजर लागंल म्हणून?"

ती लेकराला घेऊन उठली. खोलीच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. तिथून पडदा दिसत नव्हता, रत्नपालच्या तोंडावर पडलेला उजेड तेवढा दिसत होता.

"भाऊ, कानात काय हाये तिच्या?"

"कानात?" त्यानं पुढं वाकून बघितलं. "काही न्हाई. कोरे कान हायेत. टोचले कुठं तुमी अजून?" त्यानं आणखी एक उघडला, आणखी एक. "सगळ्यातच रडून राहिली बिचारी. तोंड बघा कसं वासलंय. एकात तरी हसवायची होती शिवानं."

बाहेर मंजुळाबाईचा आवाज आला. साखर वाटत वाटत ती शटरपर्यंत आली होती. कुणाला तरी खणखणीत सांगत होती, "रेणू. रेणूच नाव हाये. दुसरं कुठलं?"

लेकरू चुळबुळायला लागलं. भूक लागली होती. कोमल दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि त्याला पदराखाली घेतलं. उजवीकडं. त्यानं मान फिरवली. तिनं परत उजवीकडं लावलं. त्यानं परत मान फिरवली, आणि शोधत, धडपडत, डावीकडं जाऊन घट्ट धरलं.

चटाचटा प्यायला लागलं. दोन वर्षांचं उपाशी असल्यासारखं. आणि कोमलचा हात, तिनं न सांगताच, त्याच्या पाठीवरून फिरायला लागला. तिला हेही कळलं की तो थांबत नाहीये.

आतून टिक, टिक, टिक. एकच आवाज. त्याच्या मागं फार बारीक, बंद पडलेल्या खालच्या डिस्कमधून, काहीतरी ओढून धरल्यासारखं. की कूलर असेल. नक्कल उलटी फिरवली तर दगडी त्या फोटोंतून परत येईल, एवढंच तिला सुचलं.

"रत्नपालभाऊ," ती हळूच म्हणाली, "ती नवी परत लावता येते का? आज? लाईट जायच्या आधी?"

"आज कुठं? अर्ध्या तासात काय होतंय? उद्या लावतो की. परत पहिल्यापासून. जुनीवरनं नवीवर."

"न्हाई. उलटी."

"उलटी?" तो खुर्चीत वळला. "नवीतलं जुनीवर? अवो वैनी, सत्त्याण्णव टक्क्यांवर तुटलेली हाये ती. तिच्यातलं जुनीवर चढवलं तर जुनीतलं सगळं पुसलं जाईल. मग काही केल्या परत येणार न्हाई."

"ठाव हाये मला."

पदराखाली पिण्याचा आवाज थांबला. लेकरानं तोंड सोडलं नाही. नुसतं थांबलं, श्वास धरून, पुढं ती काय म्हणते ते ऐकत.